खिशात मावणारे पिस्तूल

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदली झालेले कलेक्टर जॅक्सन प्रयोगाला आले होते. तिथे अनंत कान्हेरे या १७ वर्षांच्या तरुणाने त्यांना गोळ्या घातल्या. आम्हा नाशिककरांना ही हकीकत पाठ असते. माझे वडील शिंपी होते. कोटाला आतला खिसा लावायचा असला, की ते गिऱ्हाइकाला आधी विचारत, “यात काय ठेवणार?” त्यामुळे असेल, पण ही हकीकत पुन्हा वाचताना मला भलताच प्रश्न पडला. एवढ्या गर्दीत ते पिस्तूल कुणाच्या नजरेला कसे पडले नाही? त्या प्रश्नाच्या मागे जाताना पिस्तुलाच्या आकाराचा इतिहास हाती लागला, आणि तो बराचसा अमेरिकेतला निघाला.

तिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्र उघडे बाळगणे मर्दपणाचे आणि लपवून बाळगणे दगाबाजीचे मानले जाई. १८१३ मध्येच केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले. तरीही फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरची खिशातली पिस्तुले इतकी खपली, की त्यांच्या नकला करणाऱ्यांनी त्याचे आडनावच वस्तूचे नाव करून टाकले. १४ एप्रिल १८६५ रोजी फोर्ड्‌स थिएटरात लिंकन यांच्यावर झाडले गेले ते डेरिंजरच. लांबी जेमतेम सहा इंच, आणि गोळी एकच. म्हणून शेजारी बसलेला मेजर रॅथबोन अंगावर आला, तेव्हा बूथला सुरा काढावा लागला. लपवण्याच्या सोयीची किंमत किती, ते या एका क्षणात दिसते.

टेनेसी राज्याने १८७९ मध्ये आकारावरच बोट ठेवले. लष्करी आणि आरमारी पिस्तुले सोडून बाकी पिस्तुलांच्या विक्रीला बंदी झाली. कोल्टचे १८६०चे लष्करी रिव्हॉल्व्हर सव्वा किलोच्या आसपास भरे. ते कोटाखाली दडणे अवघड, आणि गरिबाला परवडणे त्याहून अवघड. या कायद्याचा काच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना अधिक बसला, असे काही अभ्यासक म्हणतात.

पुढचे वळण जॉन ब्राउनिंगचे. युटातल्या या कारागिराने बेल्जियममधल्या एर्स्तालच्या कारखान्याशी करार केला आणि १९०० च्या सुमारास सात काडतुसांचे, साधारण सव्वासहाशे ग्रॅमचे चपटे पिस्तूल बाजारात आले. रिव्हॉल्व्हरच्या गोल चक्रामुळे खिसा फुगतो, तसा याने फुगत नसे. कोल्टसाठी त्याने बेतलेल्या १९०३च्या पिस्तुलात घोडा आत झाकलेला होता. काढताना अस्तरात अडकायला नको. पाठोपाठ जाकिटाच्या खिशातले पिस्तूल आले. लांबी साडेचार इंच, वजन ३७० ग्रॅमच्या आसपास. पण त्याची गोळी दुबळी, आणि मुठीवर हाताची सगळी बोटे मावत नसत.

यानंतरची सगळी कारागिरी या दोन टोकांच्या मधली आहे. कोल्टने १९२७ मध्ये दोन इंची नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ काढले. स्मिथ अँड वेसनने १९५० मध्ये सहावी गोळी सोडून पाचांचेच चक्र केले, तेवढी जाडी कमी व्हावी म्हणून. हलक्या पिस्तुलाचा धक्का हाताला जास्त बसतो आणि आखूड नळीवर नेम धरणे कठीण जाते. दिवसभर उठता-बसता न टोचणारे पिस्तूल सरावाच्या वेळी नकोसे होते, आणि सरावाला सुखाचे असलेले पिस्तूल कमरेला काचते म्हणून घरीच राहते. आज बाळगणाऱ्याला आकार निवडताना हाच हिशेब करावा लागतो.

१९६८ मध्ये अमेरिकेच्या संघीय कायद्याने छोट्या पिस्तुलांच्या आयातीवर निर्बंध आणले. वॉल्थरचे पीपीके त्या मापात बसेना, तेव्हा त्याचा वरचा भाग थोड्या मोठ्या सांगाड्यावर चढवून पीपीके/एस तयार झाले. वजन सुमारे ५० ग्रॅमनी वाढले आणि आयातीची वाट मोकळी झाली. १९९४ च्या कायद्याचा परिणाम उलटा झाला. नव्या मॅगझिनमध्ये दहाच गोळ्या चालणार, तर पिस्तूल मोठे कशाला, असा विचार कारखानदारांनी केला. पुढच्याच वर्षी ग्लॉक २६ आले. ती मर्यादा २००४ मध्ये संपली, पण छोट्या पिस्तुलांची मागणी राहिली. २०१८ च्या सिग पी३६५ मध्ये अर्ध्या किलोच्या आसपासच्या वजनात दहा गोळ्या बसल्या.

या दोनशे वर्षांत कायदा इंच आणि काडतुसे मोजत आला, कारण बाळगणाऱ्याच्या मनातले मोजायला त्याच्याकडे माप नव्हते. भीतीने बाळगणारा, पोलीस, मारेकरी आणि क्रांतिकारक या सगळ्यांना कारखान्याने एकाच मापाची वस्तू विकली.

लंडनहून सावरकरांनी पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांनी पेटीच्या चोरकप्प्यातून मुंबईत उतरवली. सव्वा किलोची रिव्हॉल्व्हरे त्या कप्प्यात इतकी मावली नसती. त्यांतल्याच एकाने संस्कृतचा व्यासंगी म्हणून ओळखला जाणारा एक अधिकारी गेला. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले, आणि पिस्तुले पाठवल्याचा खटला सावरकरांना अंदमानात घेऊन गेला. वडिलांचा तो प्रश्न मी लहानपणी कापडाच्या हिशेबाचा समजत होतो.