कौटिलीय अर्थशास्त्रांत उपद्रवी वास्तूंचा विचार

शेजाऱ्यास उपद्रव देणाऱ्या घरावर नगरशासनाचा अंकुश असावा, ही कल्पना इंग्रजी अंमलाबरोबर आली असा समज आहे. मुंबईंत १८९६ च्या प्लेगच्या सांथीनंतर १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, तेथूनच बहुतेक लेखक आरंभ करितात. वस्तुतः पं. शामशास्त्री यांनीं १९०९ मध्यें हस्तलिखितावरून कौटिलीय अर्थशास्त्र प्रसिद्ध केलें, तेव्हांच हा समज सुटावयास हवा होता.

तिसऱ्या अधिकरणांतील गृहवास्तुक प्रकरण पाहावें. सांडपाण्याची वाट शेजारच्या भिंतीपासून तीन पदें अथवा दीड अरत्नि दूर नसल्यास ५४ पण दंड सांगितला आहे. दुसऱ्या अधिकरणांत नागरिक या अधिकाऱ्याचीं कामें येतात. रस्त्यांत केर टाकल्यास अष्टमांश पण, चिखलपाणी तुंबविल्यास पाव पण, आणि राजमार्गावर हेंच दुप्पट.

दंडाचे हे आंकडे सर्वच सांगतात. आम्हांस अपवाद अधिक बोलके वाटतात. बाळंतिणीसाठीं खणलेल्या खड्ड्यास दहा दिवसांची सूट आहे. औषध, व्याधि किंवा भय यांमुळें अस्थानीं मलमूत्रविसर्जन घडल्यास दंड नाहीं. घरमालक एकमतानें इच्छेस येईल तसें बांधूं शकतात. नियम करणाऱ्यानें गल्ली डोळ्यांनीं पाहिली होती, असें आमचें मत आहे.

शास्त्रांत आहे म्हणून व्यवहारांत होतेंच, असें मात्र नव्हे. निदान उत्तरकाळापुरता त्याचा पडताळा पेशवाईंतील कोतवालीच्या कागदांवरूनच घ्यावा लागेल. किरकोळ दंडाच्या नोंदी रद्दी समजून टाकल्या जातात. संग्राहकांनीं त्या आधीं राखाव्या, सनदा मागाहून पाहाव्या.