प्रबंध आणि कृषिदर्शनी

विद्यापीठाचे ग्रंथालय संशोधनाच्या प्रसाराला किती हातभार लावते, हे हल्ली आकड्यांत मोजतात: किती प्रबंध संगणकावर चढवले, ते किती जणांनी उतरवून घेतले, कोणत्या लेखाचा संदर्भ किती ठिकाणी आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा इतिहास पाहिला की ही मोजपट्टी तोकडी वाटू लागते. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठावर शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तिहेरी जबाबदारी होती. साहजिकच इथले संशोधन दोन वाटांनी बाहेर पडले. एक वाट इंग्रजी प्रबंधाची आणि शोधपत्रिकेची. दुसरी संयुक्त ॲग्रेस्कोची: राज्यातली चारही कृषी विद्यापीठे दरवर्षी एकत्र बसून आपले निष्कर्ष पारखतात आणि मंजूर झालेली शिफारस पुढे मराठीत ‘कृषिदर्शनी’ या वार्षिक प्रकाशनातून शेतकऱ्याच्या हाती जाते.

या दुसऱ्या वाटेवरचे ज्ञान कसे दिसते, ते रब्बी ज्वारीवरून कळते. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरदरम्यान, अंतर ४५ बाय १५ सेंटिमीटर, हेक्टरी १० किलो बियाणे, काणी येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचे. जमीन हलकी असेल तर फुले अनुराधा किंवा फुले माउली, मध्यम असेल तर फुले सुचित्रा, भारी असेल तर फुले वसुधा किंवा फुले यशोदा. या चार ओळींमागे कित्येक हंगामांचे प्रयोग आणि अनेक विद्यार्थ्यांचे प्रबंध उभे आहेत. मालदांडी ३५-१ हा वाण तर विद्यापीठाच्याही आधीचा, मोहोळच्या संशोधन केंद्रातला. कर्जत-जामखेडचा शेतकरी या शिफारशीप्रमाणे पाभर धरतो, तेव्हा ते संशोधन वापरले जाते. पण संदर्भांच्या कोणत्याही यादीत त्याची नोंद होत नाही.

डिजिटल काळात पहिली वाट रुंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधांची संगणकीय प्रत सक्तीची केली, त्यातून ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा संगणकीय संग्रह वाढला. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ साली मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले आणि कृषी विद्यापीठांचे प्रबंध ‘कृषिकोश’ या संगणकीय संग्रहात येऊ लागले. हे काम मोलाचे आहे. पूर्वी प्रबंध पाहायचा तर राहुरी गाठावी लागे. तरीही एवढ्यावरच ग्रंथालयाला गुण दिले, तर विद्यापीठाच्या तीन कामांपैकी विस्ताराचे काम हिशेबाबाहेरच राहते.

यावर पहिला आक्षेप असा, की शेतकऱ्यापर्यंत पोहोचणे हे विस्तार शिक्षण संचालनालयाचे काम. ग्रंथालयाने अभ्यासकांची सेवा करावी. कामाची ही वाटणी मान्य केली तरी जतन आणि नोंद ही ग्रंथालयाचीच कामे उरतात. दर्शनी दरवर्षी नवी निघते आणि जुनी घरोघरी रद्दीत जाते. एखादी खतमात्रा कधी बदलली आणि कशामुळे, हे उद्याच्या संशोधकाला शोधायचे असेल, तर जुने अंक आणि त्यांमागचे प्रबंध एकमेकांना जोडलेले हवेत. दुसरा आक्षेप असा, की शेतातला परिणाम मोजता येत नाही, उतरवलेल्या प्रती मोजता येतात. पण शिफारशीपासून प्रबंधापर्यंत माग काढता येतो का, हेही तपासता येतेच. शंभर शिफारशी निवडाव्यात आणि किती जुळतात ते पाहावे. मराठी मजकूर ‘विद्वत्ते’त बसत नाही, हा तिसरा आक्षेप तर राहुरीच्या नगर जिल्ह्यात तरी टिकू नये. नगरचे वाचनालय १८३८चे, आणि धर्मप्रसारासाठी निघालेल्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने १८४२पासून इथूनच शास्त्रीय माहितीही मराठीत छापली.

म्हणून आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे मूल्यमापन करताना प्रबंधांच्या संख्येशेजारी आणखी तीन प्रश्न असावेत: मराठी प्रकाशनांचे सर्व अंक जतन झाले आहेत का, ते सूचीत सापडतात का, आणि प्रत्येक शिफारशीचा तिच्या मूळ संशोधनाशी दुवा जोडला आहे का. ज्या विद्यापीठाला कायद्यानेच विस्ताराचे काम दिले, त्याच्या ग्रंथालयाला या तीन प्रश्नांशिवाय दिलेले गुण अपुरेच मानले पाहिजेत.