श्वानांची खाज : कारण ओळखा, वेळीच उपचार करा

पुणे-नाशिक महामार्गावरील कुरुळी आणि चाकण परिसरात कारखान्यांच्या शेड व शेती शेजारी-शेजारी आहेत. येथे कुत्रा गोठ्याची राखण करतो, गोदामाच्या फाटकावर बसतो आणि सदनिकांमधूनही पाळला जातो. या सर्व ठिकाणी एक तक्रार हमखास आढळते, ती म्हणजे सततची खाज. खाज हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. कारण न शोधता केलेला उपाय बहुधा वाया जातो. प्रसंगी तो प्राण्याच्या जिवावरही बेततो.

खाजेची जागा काय सांगते?

कुत्रा कंबर व शेपटीचे मूळ चावत असेल, तर प्रथम पिसवांचा संशय घ्यावा. केसांतील काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवून पाहावेत. तांबूस डाग पडल्यास ती पिसवांची विष्ठा समजावी. गोचीड कानांत, गळ्याखाली आणि बोटांच्या बेचक्यांत चिकटतात. त्यांची मादी भिंतींच्या भेगांत हजारो अंडी घालते. त्यामुळे कुत्र्याबरोबरच त्याच्या बसण्या-झोपण्याची जागाही स्वच्छ करावी लागते.

कानांच्या कडा व कोपरांवर खपल्या आणि तीव्र खाज असल्यास ती लूत असू शकते. ही लूत इतर कुत्र्यांना जडते. माणसालाही त्यामुळे काही काळ पुरळ व खाज येते. पिल्लांमध्ये डोळ्यांभोवती किंवा पंजांवर केस जातात, पण सुरुवातीला खाज फारशी नसते, तेव्हा डेमोडेक्स या सूक्ष्म किड्याची शक्यता असते. गोल, केसहीन चट्टे बुरशीचे असू शकतात व तेही माणसाला होतात. पंजे सतत चाटणे आणि कान वारंवार बिघडणे ही बहुधा ॲलर्जीची खूण होय.

घातक घरगुती उपाय

औद्योगिक पट्ट्यात गाडीचे वा यंत्राचे जळके ऑइल सहज मिळते. ते लूत लागलेल्या कुत्र्याला फासण्याची प्रथा अत्यंत घातक आहे. हे ऑइल कातडीतून शोषले जाते, शिवाय कुत्रा ते चाटतो. त्यातील विषारी द्रव्यांनी यकृत व मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. रॉकेल, फिनाईल आणि पिकांवरील कीटकनाशकेही वापरू नयेत. गोठ्यातील जनावरांसाठी आणलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचणे धोक्याचे आहे. कोलीसारख्या काही जातींना ते विशेष बाधते. माणसाचा साबण किंवा स्टिरॉईडचे मलमही सल्ल्याविना लावू नये.

पशुवैद्यकाकडे केव्हा न्यावे?

पुढीलपैकी एकही लक्षण दिसल्यास विलंब करू नये :

- खाजेमुळे झोप वा खाणे कमी होणे
- रक्त, पू, दुर्गंधी किंवा जखमेत अळ्या
- काही तासांत वाढणारा ओला, लाल चट्टा
- केस झपाट्याने गळणे
- गोचिडांसोबत ताप, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त
- घरातील माणसांनाही खाज सुटणे

चेहऱ्यावर एकाएकी सूज येऊन श्वास लागत असल्यास ती तातडीची अवस्था समजावी. कुत्र्याच्या शरीराचे सामान्य तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाईट असते. त्यामुळे केवळ हात लावून तापाचे निदान करू नये.

पशुवैद्यक कातडी हलकेच खरवडून नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणीपूर्वी तेल वा मलम लावल्यास निदान अवघड होते. खाज केव्हा सुरू झाली, आहार कोणता आणि आधी कोणते औषध दिले, याची नोंद सोबत न्यावी. किड्यांची अंडी नंतर उबत असल्याने खाज थांबली तरी औषधांचा क्रम सांगितल्याप्रमाणे पूर्ण करावा. बोलता न येणाऱ्या या राखणदाराची वेदना ओळखण्याची जबाबदारी अखेर त्याच्या मालकाचीच आहे.