सावधान : देहाची गति आणि चित्ताची तल्लीनता

'सावधान' हा शब्द मराठी माणसाच्या कानीं मुख्यतः तीन ठिकाणीं पडतो : लग्नमंडपांत, शाळेच्या पटांगणावरील कवायतींत, आणि समर्थ रामदासांच्या चरित्रांत. वरवर पाहतां या तिहींचा एकमेकांशीं कांहीं संबंध दिसत नाहीं. परंतु अलीकडे पाश्चात्य मानसशास्त्रांत जिचा पुष्कळ ऊहापोह झाला आहे, अशा एका चित्तावस्थेचें मर्म या शब्दांत सांठविलेलें आहे, असें आम्हांस वाटतें. आणि त्याचा शोध घेतांना जालना जिल्ह्यांतील एका लहानशा गांवापासून आरंभ करणें सोयीचें होईल.

प्रथम ती अवस्था कोणती हें पाहूं. हंगेरियन कुळांत जन्मलेले व पुढें अमेरिकेंत अध्यापन करणारे मानसशास्त्रज्ञ मिहाय चिकसेंटमिहाय (१९३४–२०२१) यांनीं कडे चढणारे, बुद्धिबळ खेळणारे, नर्तक, शस्त्रवैद्य अशा नाना प्रकारच्या लोकांना त्यांच्या कामांतील अनुभव विचारले, आणि १९७५ सालीं आपले निष्कर्ष ग्रंथरूपानें मांडले. काम आणि कर्ता हे जणूं एक होतात, काळाचें भान सुटतें, 'मी कसा दिसतों' ही चिंता मावळते, आणि एका कृतींतून दुसरी कृति सहज वाहूं लागते. या अवस्थेला त्यांनीं 'प्रवाह' असें नांव दिलें. ती लाभण्याच्या अटी मात्र कडक आहेत. हेतु स्पष्ट हवा, केलें तें बरोबर कीं चूक हें तत्काळ कळावयास हवें, आणि कामाची कठिणता व कर्त्याचें कौशल्य हीं जवळजवळ समतोल हवींत. काम सोपें असेल तर कंटाळा येतो. फार अवघड असेल तर भीति वाटते.

या प्रवाहाचें आजच्या तरुणांना ठाऊक असलेलें उदाहरण म्हणजे पार्कूर. भिंती, कठडे, जिने यांवरून धांवत, उड्या घेत, कोठेंही न अडखळतां जाण्याची ही विद्या पॅरिसजवळच्या लिस गांवांत डेव्हिड बेल व त्याच्या सोबत्यांनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नांवारूपास आणली. पण तिचें मूळ जुनें आहे. फ्रेंच आरमारांतील अधिकारी जॉर्ज एबेर (१८७५–१९५७) यानें चालणें, धांवणें, चढणें, उडी मारणें, तोल सांभाळणें, पोहणें अशा नैसर्गिक हालचालींवर आपली व्यायामपद्धति उभारली. बल हें दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्यासाठीं मिळवावयाचें, हें तिचें मुख्य सूत्र होतें. फ्रेंच लष्करांतील अडथळ्यांची शर्यत याच पद्धतींतून निघाली, आणि डेव्हिडचे वडील रेमों बेल हे लष्करी शिक्षण घेऊन पुढें पॅरिसच्या अग्निशामक दलांत दाखल झाले होते. म्हणजे ज्याला आपण पोरांचा उनाडपणा म्हणतों, त्याच्या मुळाशीं संकटांतून माणसें सोडविण्याची शिस्त आहे.

आतां घनसावंगी तालुक्यांतील जांब या गांवाकडे वळूं. १९८१ सालीं जालना जिल्हा वेगळा झाला. पण या गांवाचें नांव त्याहून फार जुनें आहे. शके १५३० (इ. स. १६०८) मध्यें रामनवमीच्या दिवशीं सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटीं येथें नारायण जन्मला, तेच पुढें समर्थ रामदास झाले. उत्तरकालीन चरित्रकार या मुलाचें वर्णन झाडांवर चढणारा, पाण्यांत उड्या टाकणारा, घरीं न सांपडणारा असें करितात. बाराव्या वर्षीं लग्नाच्या बोहल्यावर 'सावधान' हा शब्द कानीं पडतांच तो मंडपांतून निसटला, अशी परंपरेची कथा आहे.

पुढें नाशिकजवळ टाकळीस गोदावरी व नंदिनी यांच्या संगमावर बारा वर्षें तपश्चर्या झाली. तेथें रोज बाराशें सूर्यनमस्कार आणि मग पाण्यांत उभें राहून जप, असा क्रम परंपरेनें सांगितला आहे. बखरींतील अंकांवर इतिहासाच्या अभ्यासकानें फार भार टाकूं नये हें खरें. तरी परंपरेनें नमस्कार व जप हीं एकाच प्रभातकालीं एकापुढें एक कां ठेवलीं, हा प्रश्न अंकापेक्षां महत्त्वाचा आहे. आमच्या मतें उत्तर असें कीं, देहाला लयींत आणणें ही चित्ताला एकाग्र करण्याची पहिली पायरी आहे, हें त्या लोकांनीं अनुभवानें ओळखलें होतें. समर्थांनीं कृष्णाकांठीं व आसपास शके १५६६ ते १५७६ या काळांत अकरा मारुति स्थापिले, आणि ज्या देवतेचें सारें चरित्र एका उड्डाणाभोंवतीं गुंफलेलें आहे तिला बल व बुद्धि या दोहोंची देवता म्हणून गांवोगांव उभें केलें, यांतही हाच विचार दिसतो.

हीच गोष्ट मल्लखांबाची. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं बाळंभटदादा देवधर यांनीं या विद्येचें पुनरुज्जीवन केलें. निजामाच्या पदरच्या दोन मल्लांचें आव्हान स्वीकारून ते सप्तशृंगी गडावर गेले आणि माकडांच्या हालचाली पाहून खांबावरचे डाव शिकले, असें सांगतात. कथेंतील अलंकार वगळले तरी विद्येचें स्वरूप स्पष्ट आहे. एरंडेल चोळलेल्या लाकडी खांबावर पकड क्षणभर सैल झाली कीं देह खालीं येतो. चूक झाली कीं नाहीं हें सांगावयास परीक्षक लागत नाहीं. चिकसेंटमिहाय यांनीं सांगितलेल्या तिन्ही अटी येथें शतकाहून अधिक काळ आधींच पुऱ्या झालेल्या होत्या! पुढें अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें (स्थापना १९१४) १९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं भारतीय व्यायामप्रकार जगापुढें सादर केले. आणि २०१९ सालीं मुंबईंत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली.

परंतु ही तल्लीनता आखाड्याचीच मिरास आहे असें कोणीं समजूं नये. पहाटे जात्यावर बसणाऱ्या आमच्या आज्यांना ती ठाऊक होती. खुंट्याची फेरी, मुठीनें पडणारें दाणे आणि ओवीचा चरण या तिहींचा मेळ बसला कीं दळण सरलें केव्हां हें कळत नसे. हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनीं सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. श्रम फार होते. ते पुन्हां यावेत असें कोणीही म्हणणार नाहीं. पण गिरणी आली तेव्हां श्रमाबरोबर ती लयही गेली, आणि तिच्या जागीं आपण कांहीं ठेवलें नाहीं, एवढें नमूद केलें पाहिजे.

तल्लीनता म्हणजे बेभान होणें, असा एक आक्षेप येथें येईल. मुलें गच्च्यांवरून उड्या मारूं लागलीं तर हातपाय मोडतील, असें पालक म्हणतात, आणि त्यांची काळजी रास्त आहे. परंतु भान दोन प्रकारचें असतें. एक स्वतःच्या प्रतिष्ठेचें, दुसरें पायाखालच्या दगडाचें. प्रवाहांत पहिलें सुटतें, दुसरें तीक्ष्ण होतें. जो पार्कूरचा अभ्यासी एकच उडी जमिनीलगत शेंकडों वेळां घेतो, त्यालाच भिंतीवर ती अवस्था लाभते. आयती मिळणारी नशा ती ही नव्हे. म्हणूनच 'सावधान' हा शब्द आम्हांस येथें नेमका वाटतो : अवधानासह असणें, म्हणजे देह जेथें आहे तेथेंच चित्तही असणें.

आमच्या सुशिक्षित कुटुंबांनीं गेल्या शंभर वर्षांत विद्या म्हणजे बैठक, असा जो समज करून घेतला, तो यामुळें तपासून पाहण्यासारखा आहे. आपण शनिवारीं मारुतीला तेल वाहतों आणि घरांतला मुलगा झाडावर चढला कीं त्याला खालीं ओढतों. मुलीला तर झाडाजवळही जाऊं देत नाहीं. मग तींच मुलें कोपऱ्यांत बसून हातांतील लहानशा पडद्यावर तासन्‌तास घालवितात, आणि त्यांचें चित्त एका ठिकाणीं ठरत नाहीं, अशी आपण तक्रार करितों. चित्त ठरविण्याची जी पहिली शाळा देहांत होती, ती आपणच बंद केली आहे. ती पुन्हां उघडण्यास फार खर्च लागत नाहीं. थोडी मोकळी जागा, एखादा जाणता शिक्षक, आणि गुडघा खरचटला तरी न घाबरणारें घर एवढें असलें कीं पुरे. चारशें वर्षांपूर्वीं जांब गांवाच्या एका पोराला झाडांनीं जें शिकविलें, तें आजच्या मुलांना शिकविण्यास झाडें अद्याप तयार आहेत. परवानगी मात्र आपण द्यावयाची आहे.