मोहाचं मडकं आणि भंडाऱ्याचं पितळ

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. पण मोहाची फुलं आंबवायला मात्र मातीचं मडकंच! कारण आंबट रसात पितळेतलं तांबं उतरतं, रस कळकतो. कल्हई असली तरी ती झिजतेच. (ताक पितळेत ठेवू नको, असं आजी सांगायची, आठवतंय ना?) मडक्याचं दुखणं वेगळं, त्याच्या छिद्रांत जुनं आंबवण मुरतं आणि कधीकधी पुढचा घाणा बिघडवतं.

१९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने गंज न धरणारं पोलाद बनवलं. ते ना कळकतं, ना काही मुरवून घेतं. म्हणूनच आज बिअर बनवणारे खाली शंकूसारखं निमुळतं स्टीलचं भांडं निवडतात. यीस्टचा गाळ टोकाशी बसतो, तोटीतून काढून टाकता येतो.

पण याच स्टीलने स्वयंपाकघरातले पितळी गुंड हटवले आणि भंडाऱ्यातल्या कितीतरी कारागिरांचे हातोडे थंडावले.