कॉइंटेलप्रो : एका गुप्त शब्दाची कुळकथा

भाषेतल्या बहुतेक शब्दांचा जन्मदाखला सापडत नाही. ‘कॉइंटेलप्रो’ या शब्दाचा सापडतो. ऑगस्ट १९५६मध्ये वॉशिंग्टनला, एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या मुख्यालयात तो जन्मला. काउंटर, इंटेलिजन्स आणि प्रोग्रॅम या तीन शब्दांचे सुरुवातीचे तुकडे जोडून तो बनवला गेला. फायलींवर लिहिण्यापुरतंच हे नाव होतं. बाहेरच्या कोणाच्या तोंडी ते यावं अशी योजनाच नव्हती, आणि पुढची जवळजवळ पंधरा वर्षं ते आलंही नाही.

काउंटर-इंटेलिजन्स म्हणजे प्रतिहेरगिरी. परक्या देशाचे हेर आपल्याकडे घुसले, तर त्यांना चुकीच्या वाटेला लावायचं, त्यांच्यात आपापसांत संशय पेरायचा, त्यांचं जाळं निकामी करायचं, अशी ही विद्या. शत्रूच्या हेरांविरुद्ध ती सगळीच राष्ट्रं वापरतात. १९५६मध्ये एफबीआयने ती आपल्याच नागरिकांवर वापरायचं ठरवलं. शब्दाच्या पोटातला अन्याय इथेच आहे. ज्यांना राज्यघटनेने बोलण्याचा आणि एकत्र जमण्याचा हक्क दिला होता, त्यांना त्यांच्याच सरकारने परक्या हेरांच्या रांगेत बसवलं.

पहिलं लक्ष्य होता अमेरिकेचा कम्युनिस्ट पक्ष. खटला भरला की पुरावा मांडावा लागतो, साक्षीदाराची उलटतपासणी होते. त्यातच पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून सर्वोच्च न्यायालय अशा खटल्यांत सरकारला चाप लावू लागलं होतं. जे उघड्यावर, कायद्याने साधत नव्हतं, ते अंधारात साधायचं ठरलं. पुढे १९६१मध्ये सोशलिस्ट वर्कर्स पार्टी, १९६४मध्ये कू क्लक्स क्लानसारख्या गोऱ्या द्वेषसंघटना, १९६७मध्ये कृष्णवर्णीयांच्या संघटना आणि १९६८मध्ये विद्यार्थ्यांची ‘न्यू लेफ्ट’ चळवळ अशा या कार्यक्रमाच्या शाखा फुटत गेल्या. त्यांतल्या कृष्णवर्णीयांविरुद्धच्या शाखेची मुळं मात्र १९५६च्याही खूप मागे जातात.

शब्द १९५६चा, रीत १९१९ची. त्या वर्षी अमेरिकेच्या न्याय खात्यात जहाल राजकारणावर नजर ठेवणारा नवा विभाग उघडला आणि तो जे. एडगर हूव्हर नावाच्या चोवीस वर्षांच्या वकिलाच्या हाती आला. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात मार्कस गार्वी हे जमेकाहून आलेले गृहस्थ कृष्णवर्णीयांची मोठी संघटना उभारत होते. त्यांनी ब्लॅक स्टार लाइन ही जहाज कंपनी काढली, साध्या कष्टकरी माणसांना तिचे भाग विकले. ऑक्टोबर १९१९मधल्या एका टिपणात हूव्हर यांनी खेद व्यक्त केला की, गार्वींना देशाबाहेर घालवता येईल असा कोणताही केंद्रीय कायदा त्यांनी अजून मोडलेला नाही. त्याच टिपणात त्यांनी जहाज कंपनीच्या व्यवहारात फसवणूक सापडते का ते पाहण्याचंही सुचवलं.

मग जेम्स वर्मली जोन्स हा कृष्णवर्णीय अधिकारी नेमून गार्वींच्या संघटनेत घुसवण्यात आला. खात्याच्या कागदांत त्याची ओळख ‘८००’ या आकड्याने होई. १९२३मध्ये टपालाद्वारे फसवणूक केल्याच्या आरोपाखाली गार्वी दोषी ठरले, १९२५मध्ये अटलांटाच्या तुरुंगात गेले आणि १९२७मध्ये शिक्षा कमी करून त्यांना देशाबाहेर पाठवण्यात आलं. आधी माणूस निवडायचा आणि मग त्याचा गुन्हा शोधायचा, ही रीत तिथे पक्की झाली. १९२४मध्ये हूव्हर केंद्रीय तपास संस्थेचे प्रमुख झाले आणि २ मे १९७२ रोजी मृत्यू येईपर्यंत त्या खुर्चीवर राहिले. या काळात आठ राष्ट्राध्यक्ष झाले. खुर्चीवरचा माणूस तोच राहिला, म्हणून रीतही टिकली.

२८ ऑगस्ट १९६३ रोजी नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनमध्ये लाखोंच्या सभेपुढे ‘माझं एक स्वप्न आहे’ हे प्रसिद्ध भाषण केलं. दोनच दिवसांनी एफबीआयचे वरिष्ठ अधिकारी विल्यम सलिव्हन यांनी लिहिलं की, राष्ट्रीय सुरक्षेच्या दृष्टीने हा सर्वांत धोकादायक कृष्णवर्णीय नेता आहे. ऑक्टोबरमध्ये महाधिवक्ता रॉबर्ट केनेडी यांनी किंग यांचे फोन चोरून ऐकायला परवानगी दिली. पाठोपाठ हॉटेलांच्या खोल्यांत ध्वनियंत्रं लपवली गेली. १९६४च्या ऑक्टोबरात किंग यांना शांततेचं नोबेल जाहीर झालं. नोव्हेंबरात त्यांच्या नावे एक पुडकं निघालं. आत एक ध्वनिफीत आणि निनावी पत्र. पत्र लिहिणारा स्वतः कृष्णवर्णीय असल्याचा आव आणत होता. खासगी आयुष्यावरून शिव्याशाप देत त्याने किंग यांना ३४ दिवसांची मुदत दिली होती आणि आता तुमच्यापुढे एकच मार्ग उरला आहे असं सुचवलं होतं. किंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अर्थ एकच घेतला : आत्महत्या कर. पुडकं उघडलं ते त्यांच्या पत्नी कोरेटा यांनी. एका लोकशाही देशाच्या तपास संस्थेने आपल्या नागरिकाला पाठवलेलं हे पत्र आहे, हे विसरता कामा नये.

तोवर कृष्णवर्णीयांविरुद्धच्या कामाला स्वतंत्र शीर्षक नव्हतं. ते २५ ऑगस्ट १९६७ रोजी मिळालं. त्या दिवशी एफबीआयच्या २३ स्थानिक शाखांना गेलेल्या आदेशात पाच क्रियापदं होती : उघडं पाडा, विस्कळीत करा, दिशा चुकवा, बदनाम करा, नाहीतर अन्य मार्गाने निष्प्रभ करा. शीर्षकात ‘द्वेषसंघटना’ असा शब्द होता. पण यादीत किंग यांची, अहिंसेचं व्रत घेतलेली सदर्न ख्रिश्चन लीडरशिप कॉन्फरन्सही होती. ४ मार्च १९६८ रोजी शाखांची संख्या ४१ झाली आणि उद्दिष्टं क्रमवार लिहिली गेली. संघटनांची युती होऊ द्यायची नाही. सगळ्यांना एकत्र आणून चेतवील असा ‘मसीहा’ उभा राहू द्यायचा नाही. हिंसा रोखायची. या संघटनांना समाजात प्रतिष्ठा मिळू द्यायची नाही. तरुण पिढी त्यांच्याकडे वळू द्यायची नाही. पाचांपैकी फक्त एक उद्दिष्ट हिंसेविषयी आहे. उरलेली चार एकजूट, नेतृत्व, मान आणि वाढ यांच्याविरुद्ध आहेत. पोलिसांचं काम कुठे संपलं आणि राजकारण कुठे सुरू झालं, ते या यादीतच दिसतं.

साम, दाम, दंड, भेद हे चार उपाय आपल्याला पाठ आहेत. कॉइंटेलप्रोने चारही वापरले, पण त्याचा जीव भेदात होता. शिकागोत ब्लॅक पँथर पार्टी ही कृष्णवर्णीयांची जहाल संघटना आणि ब्लॅकस्टोन रेंजर्स ही रस्त्यावरची बलाढ्य टोळी यांची हातमिळवणी होऊ घातली होती. जानेवारी १९६९मध्ये रेंजर्सचा म्होरक्या जेफ फोर्ट याला एका अनोळखी ‘भावा’चं पत्र पाठवलं गेलं : पँथर्सनी तुझी सुपारी दिली आहे. या टोळीला गोळीबार नवा नाही, हे शिकागो शाखेने मुख्यालयाला आधीच कळवलं होतं. तरीही, किंबहुना म्हणूनच, पत्राला मंजुरी मिळाली. दक्षिण कॅलिफोर्नियात पँथर्स आणि ‘यूएस’ नावाची दुसरी संघटना यांच्यात वैर होतं. एकमेकांच्या नावाने खिल्लीची व्यंगचित्रं वाटून एफबीआयने त्यात तेल ओतलं. त्या वैरात १७ जानेवारी १९६९ रोजी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात दोन पँथर मारले गेले, आणि त्यानंतरही व्यंगचित्रं थांबली नाहीत.

या विद्येतला सर्वांत विषारी प्रकार ‘स्निच जॅकेट’ म्हणून ओळखला जाई. निष्ठावंत कार्यकर्त्याच्या अंगावर खबऱ्याचा अंगरखा चढवायचा. कागद असे पेरायचे की त्याच्या साथीदारांनाच तो फितूर वाटावा. कृष्णवर्णीय नेते स्टोकली कार्मायकेल यांच्याबाबत ही युक्ती योजली गेली, आणि पँथर्स त्यांच्या जिवावर उठल्याचा खोटा फोन त्यांच्या आईला करण्यात आला. खरे खबरेही कमी नव्हते. कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून एफबीआयने त्यांची हजारोंची फळी उभी केली होती. आपल्या इतिहासात फितुरीने किल्ले पडले, हे आपण जाणतो. इथे फितुरी नसतानाही ती आहे असं भासवलं की चळवळ आतून पोखरली जाई.

ब्लॅक पँथर हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. १९७२मध्ये नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी मुंबईत दलित पँथर काढली, ती याच नावापासून प्रेरणा घेऊन. मूळ संघटना ऑक्टोबर १९६६मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला स्थापली. पोलिसांच्या अत्याचारावर लक्ष ठेवायला ती बंदुका घेऊन रस्त्यावर उतरे, हे खरं आहे. पण जानेवारी १९६९पासून तिने ओकलंडच्या एका चर्चमध्ये शाळकरी मुलांना सकाळची फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली आणि बघता बघता हा उपक्रम अनेक शहरांत पोचला. त्याच वर्षी हूव्हर यांनी शाखांना लिहिलं की, न्याहारीचा उपक्रम हे पँथर्सचं सर्वांत प्रभावी काम आहे, आणि म्हणूनच त्यांना निष्प्रभ करण्याच्या आड येणारा तोच सर्वांत मोठा धोका आहे. भुकेल्या पोराच्या ताटातल्या घासाची भीती बंदुकीपेक्षा मोठी ठरली, कारण त्या घासातून मान मिळत होता. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्ध मंजूर झालेल्या २९५ कारवायांपैकी २३३ एकट्या पँथर्सविरुद्ध होत्या.

शिकागोत पँथर्सचे नेते होते फ्रेड हॅम्प्टन, वय २१. कृष्णवर्णीय, पोर्टो रिकन आणि गरीब गोऱ्या तरुणांच्या संघटना त्यांनी ‘रेनबो कोअलिशन’ या नावाने एकत्र आणल्या होत्या. युती नको, नेता नको, हीच तर आदेशातली पहिली दोन कलमं. त्यांच्या सुरक्षेचं काम पाहणारा विल्यम ओनील एफबीआयचा खबऱ्या होता. हॅम्प्टन यांच्या घराचा आराखडा त्याने पुरवला. पलंग कुठे आहे, तेही त्यात दाखवलं होतं. ४ डिसेंबर १९६९च्या पहाटे सरकारी वकील एडवर्ड हॅनरहन यांच्या हाताखालचे पोलीस घरात घुसले. त्यांनी नव्वदीच्या आसपास गोळ्या झाडल्या; घरातून सुटली ती एक. हॅम्प्टन अंथरुणातच मारले गेले. शेजारी त्यांची गरोदर जोडीदार होती. मार्क क्लार्क हे दुसरे पँथरही गेले, वय २२. काही दिवसांनी ओनीलला ३०० डॉलरचं बक्षीस मंजूर झालं. त्याचाही कागद आहे.

कागदांवर उभी राहिलेली ही यंत्रणा कागदांमुळेच कोसळली. ८ मार्च १९७१च्या रात्री मोहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची मुष्टियुद्धाची लढत सुरू होती. देशाचे कान तिकडे लागलेले असताना पेनसिल्वेनियातल्या मीडिया नावाच्या गावी एफबीआयच्या छोट्या कार्यालयात आठ माणसं शिरली आणि फायली सूटकेसांत भरून बाहेर पडली. पुढारी होते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम डेव्हिडन. सोबत लहान मुलांचे आईबाप असलेलं एक जोडपंही होतं. त्यांनी निवडक कागद वृत्तपत्रांना टपालाने पाठवले. २४ मार्चला बेटी मेडस्गर यांनी ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये पहिली बातमी दिली. त्या गठ्ठ्यातल्या एका चिठ्ठीच्या शीर्षभागी ‘कॉइंटेलप्रो’ हे नाव होतं. एप्रिलमध्ये हूव्हर यांनी कार्यक्रम बंद केल्याचा आदेश काढला. एनबीसी वाहिनीचे पत्रकार कार्ल स्टर्न यांनी त्या एका शब्दाचा अर्थ विचारत माहितीच्या कायद्याखाली दावा लावला, आणि डिसेंबर १९७३मध्ये सरकारला कागद द्यावे लागले. ते आठ जण कधीच सापडले नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी २०१४मध्ये स्वतःहून नावं सांगितली.

१९७५मध्ये सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली सिनेटची समिती बसली. पंधरा वर्षांत अशा २,३७० कारवाया मंजूर झाल्याचं तिने नोंदवलं, आणि एफबीआयने कायदा स्वतःच्या हातात घेऊन नागरिकांचा बोलण्याचा आणि एकत्र येण्याचा हक्क दडपल्याचा निष्कर्ष काढला. १९७६मध्ये महाधिवक्ता एडवर्ड लेव्ही यांनी एफबीआयसाठी नियम घालून दिले, आणि संस्थेच्या प्रमुखाला दहा वर्षांची मुदत लागू झाली.

न्याय मात्र तुटपुंजा आणि उशिरा आला. हॅम्प्टन आणि क्लार्क यांच्या कुटुंबांना व वाचलेल्यांना १९८२मध्ये १८.५ लाख डॉलरची भरपाई मिळाली. पँथर नेते जेरोनिमो प्रॅट यांनी एका खुनाच्या आरोपाखाली २७ वर्षं तुरुंगात काढली. मुख्य साक्षीदार खबऱ्या होता हे ज्यूरीपासून लपवलं गेल्याचं सिद्ध झालं, तेव्हा १९९७मध्ये ते सुटले. मार्कस गार्वींना राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली ती जानेवारी २०२५मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर जवळजवळ ८५ वर्षांनी. कृष्णवर्णीय संघटनांविरुद्धच्या या कारवायांसाठी एफबीआयचा एकही अधिकारी तुरुंगात गेला नाही.

ती टिपणं, ती निनावी पत्रं आणि त्यांवरचे मंजुरीचे शेरे आज एफबीआयच्याच सार्वजनिक दप्तरात कोणालाही वाचायला खुले आहेत. संघटनेत काम करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावेत, आणि आपल्या साथीदाराविषयी निनावी पत्र हाती येईल त्या दिवशी आठवावेत.