टायरची असमान झीज

टायरची असमान झीज : मोटारगाडीच्या टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीदार पट्टा सगळीकडे सारखा न घासता मध्ये, एका कडेला किंवा ठिकठिकाणी अधिक घासला जाणे. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी टायर खाते’. दोष टायरचा क्वचितच असतो; बहुधा हवा, चाकांचे कोन किंवा सस्पेन्शन बिघडलेले असते. कारण न शोधता टायर बदलला, तर नवाही त्याच जागी झिजतो.

निदान : मधला भाग गुळगुळीत झाला असल्यास हवा जास्त, दोन्ही कडा उतरल्या असल्यास हवा कमी. ठरावीक अंतरावर खळगे पडले असल्यास शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकलेला किंवा चाकाचे बॅलन्सिंग गेलेले. एकच कड गेली असेल तर टो (वरून पाहता चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल) बिघडलेला, आणि येथे डोळ्यांपेक्षा हात खरा. तळहात टायरवर आडवा, एकदा आतून बाहेर व एकदा बाहेरून आत फिरवावा. एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले तर टो बिघडला आहे. करवत न लागता एकच कड उतरत गेली असेल, तर संशय कॅम्बरवर जातो. मात्र गोव्यातील साखळीहून चोर्ला घाटाने बेळगावला नित्य जाणाऱ्या गाडीच्या पुढच्या दोन्ही टायरांची बाहेरची कड नुसत्या वळणांनीही उतरते. पणजीत आल्तिनोच्या चढावरही तेच. अशा गाडीचे अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, पुनःपुन्हा करून घेणे व्यर्थ.

गोव्यातील पेडणे व डिचोली तालुके : पेडण्यात पत्रादेवीपासून राष्ट्रीय महामार्ग 66 चे रुंदीकरण बराच काळ चालले, मोपा विमानतळावरून जानेवारी 2023 मध्ये उड्डाणे सुरू झाल्यावर वर्दळ वाढली. पावसात पाण्याखाली दडलेल्या खड्ड्यात चाक आपटले की स्टिअरिंगचा टाय रॉड किंवा सस्पेन्शनचा लोअर आर्म वाकतो आणि टो बदलतो.

डिचोलीची गोष्ट लोहखनिजाची, म्हणून मोटारीच्या नोंदीतही ट्रक टाळता येत नाही. खाणीपासून मांडवीकाठच्या धक्क्यांपर्यंत माल नेणाऱ्या ट्रकला मागे जोडचाके असतात. जोडीतल्या एका टायरची उंची कमी असेल, तर उंच टायर भार घेतो व बुटका फरफटत झिजतो; त्यामुळे नवा टायर जुन्याच्या जोडीला लावू नये. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये पुन्हा, आणि ट्रक उभे राहिले. महिनोन्महिने एकाच जागी उभ्या राहिलेल्या वाहनाच्या टायरला तळाशी चपटेपणा येतो आणि बाजूला चिरा पडतात. ही वेगळी झीज. अलाइनमेंटने ती सुटत नाही. तांबड्या धुळीने खाचा भरल्या असतील तर टायर आधी धुवावा, एरवी खाचेतली झीजखूण (झिजेची मर्यादा दाखवणारा उंचवटा) दिसत नाही.

दुरुस्ती : क्रम महत्त्वाचा. प्रथम टायर थंड असताना चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर दिलेल्या आकड्याप्रमाणे हवा. नंतर टाय रॉडचे टोक, बॉल जॉइंट, बुश यांतली ढिलाई काढणे. ढिल्या सांध्यांवर केलेले अलाइनमेंट फार टिकत नाही. त्यानंतर अलाइनमेंट, बॅलन्सिंग. अनेक लहान गाड्यांत फक्त पुढचा टो जुळवता येतो. कॅम्बर चुकीचा निघाला तर काहीतरी वाकलेले आहे असे धरावे. शेवटी टायरांची अदलाबदल, साधारण 8 ते 10 हजार किलोमीटरला. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे व मागचे तिरके पुढे घेतात. ज्यांवर दिशेचा बाण आहे, ते एकाच बाजूला ठेवतात. झिजलेले रबर भरून येत नाही, झीज फक्त वाटली जाते. नायट्रोजन भरल्याने झीज कमी होते हा दावा सर्वमान्य नाही. साध्या हवेतही सुमारे 78 टक्के नायट्रोजनच असतो.

कायदा : केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 नुसार मोटारगाडीच्या टायरची खाच किमान 1.6 मिलिमीटर हवी.